गावात नावाची पाटी नाही, मग दंडवत्यांनी केलं काय?

प्रश्न घणसोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रकल्पासाठी प्रा. मधु दंडवते यांच्या संसदीय कारकिर्दीवर लिहिते आहे. तिचे आजोबा कुडाळचे. दंडवत्यांचं नाव काढलं की त्यांचा गळा दाटून येतो. मे महिन्यात गावी गेल्यावर तिने मुद्दाम शोधलं. बसथांबा, सभामंडप, व्यायामशाळा, पाखाडी, सगळीकडे कुणा ना कुणा लोकप्रतिनिधीची पाटी आहे, दंडवत्यांची एकही नाही. ती विचारते, "काका, पाच वेळा निवडून आलेल्या खासदाराने गावासाठी नक्की केलं काय? आणि मी ते तपासू कसं?"

ठाण्यात खासदारांच्या संपर्क कार्यालयात मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ काढला. पत्रं लिहिली, लोकसभेसाठी प्रश्न तयार केले, दिल्लीहून आलेली उत्तरं वाचून पुढच्या पत्राचा मसुदा केला. दंडवत्यांकडे मी कधी काम केलं नाही. पण संसदेत प्रश्न कसा मांडतात हे शिकताना ज्यांची भाषणं मी वाचून काढली, त्यांत त्यांची सगळ्यात जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाटीचं आधी उरकू, ते सोपं आहे. खासदार निधी ही योजना २३ डिसेंबर १९९३ ला सुरू झाली. दंडवते लोकसभेत होते १९७१ ते १९९१. म्हणजे त्यांच्या हातात असा निधी एक दिवसही नव्हता, तर पाटी कुठून असणार? सुरुवातीला ही रक्कम पाच लाख होती, मग वर्षाला एक कोटी झाली, पुढे दोन, आणि २०११-१२ पासून पाच कोटी. आपल्या ठाणे मतदारसंघात मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंत सहा विधानसभा क्षेत्रं येतात. पाच कोटी सहांत वाटले तर एकेका भागाला कोटभरही येत नाही. त्यात गटारं होतात, बाकडी होतात, शाळेला संगणक मिळतात. कामं खरी असतात आणि लोकांना हवीही असतात, मी स्वतः त्यांच्या शेकडो फायली हाताळल्या आहेत. पण खासदार संसदेत काय करतो, हे त्या फायलींतून कळत नाही. आणि आपण मात्र हल्ली खासदाराला याच पट्टीने मोजतो. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या पट्टीने दंडवते शून्य ठरतात.

संपर्क कार्यालयात रोज काय चालतं हे तुला माहीत असायला हवं. सकाळी दहाला शटर वर गेलं की बाकावर माणसं बसलेलीच असतात. कुणाला पंतप्रधान सहाय्यता निधीसाठी पत्र हवं असतं, घरात कुणाची तरी हृदयाची शस्त्रक्रिया असते. कुणाचा पासपोर्ट अडकलेला असतो. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशासाठी खासदाराला दहा जागांची शिफारस करता यायची, ती २०२२ मध्ये बंद झाली. तोपर्यंत एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे जत्राच असे. त्याआधीच्या जमान्यात गॅस आणि टेलिफोनच्या जोडण्यांचा कोटा होता, त्यासाठीही अशीच रांग लागायची. आणि गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस! ठाणे, कळवा, डोंबिवली, ऐरोली म्हणजे अर्धं कोकण. प्रत्येकाच्या हातात प्रतीक्षा यादीचं तिकीट. तातडीच्या कोट्यातून जागा मिळावी म्हणून पत्रावर पीएनआर लिहून लिहून माझी बोटं दुखायची. एका सप्टेंबरात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी पत्र घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "आम्ही पूर्वी एसटीच्या टपावर सामान टाकून रात्रभर उभ्याने जायचो. आता निदान जागा मिळाली नाही म्हणून भांडायला गाडी तरी आहे." त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, ज्या गाडीत जागा मिळावी म्हणून मी पत्र लिहितोय ती गाडी धावावी म्हणून कुणीतरी वीस वर्षं लिहीत होतं.

आता मूळ विषय.

दंडवते जन्माने अहमदनगरचे, २१ जानेवारी १९२४. विषय भौतिकशास्त्र. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात त्यांनी १९७१ पर्यंत शिकवलं, तिथे ते विभागप्रमुख होते. बेचाळीसच्या चळवळीत होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात त्यांनी एका तुकडीचं नेतृत्व केलं. समाजवादी पक्षाचं काम करत करत १९७० मध्ये ते विधान परिषदेत गेले. राजापूरशी, म्हणजे ज्या लोकसभा मतदारसंघात तुझं कुडाळ येत होतं त्याच्याशी, त्यांचं नातं जुळलं ते एका दुःखद प्रसंगामुळे. १९५७ पासून तिथले खासदार असलेले बॅरिस्टर नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये अचानक गेले. दोन महिन्यांत निवडणूक होती. नाथ पैंसारख्या वक्त्याच्या जागी, बाहेरून आलेला, शांत बोलणारा एक प्राध्यापक उभा राहिला आणि कोकणाने त्याला आपलं म्हटलं. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्या वेळचं कोकण मनीऑर्डरवर जगत होतं. घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत नाहीतर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात. समाजवाद्यांचं काम गावातही होतं आणि चाळीतही. गावचं मत बऱ्याचदा चाळीत ठरायचं.

१९७१ च्या लोकसभेत इंदिरा गांधींची लाट होती. दंडवत्यांच्या प्रजासमाजवादी पक्षाचे किती खासदार निवडून आले असतील? दोन. या आकड्यावर तू प्रकल्पात एक अख्खं पान खर्च कर असं मी म्हणेन, कारण पुढचं सगळं त्यातून उलगडतं. लोकसभेत चर्चेला वेळ पक्षाच्या संख्येनुसार मिळतो. दोघांच्या पक्षाला काही मिनिटं, तीही शेवटी, सभागृह रिकामं होत आल्यावर. मग अशा खासदाराने बोलायचं कधी? त्याच्याकडे एकच साधन उरतं, कामकाजाचे नियम. प्रश्नोत्तराच्या तासात उपप्रश्न विचारता येतो. स्थगन प्रस्तावाची, म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा घ्या अशी, सूचना देता येते, ती फेटाळली गेली तरी देताना दोन वाक्यं बोलता येतात. मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या आल्या की कपात सूचना मांडता येते, शंभर रुपयांची असली तरी त्या निमित्ताने विषय नोंदीत जातो. नियम मोडला जातोय हे दाखवणारा हरकतीचा मुद्दा असतो. शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांचं कामकाज असतं. दंडवते भौतिकशास्त्राच्या माणसासारखे नियमांकडे बघायचे. त्यांना नियम तोंडपाठ होते, आणि आवाज न चढवता ते समोरच्याला त्याच्याच नियमात उभं करायचे. वेगवेगळ्या पक्षांच्या जुन्या खासदारांकडून मी हे ऐकलं आहे, आणि छापील कामकाजातही ते दिसतं.

नियम न पाळल्याची किंमत मला स्वतःला मोजावी लागली आहे. ठाणे ते दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचं काम रखडलं होतं. लोक रोज लटकून जात होते, मरत होते. मी रागारागाने प्रश्न लिहिला. त्यात प्रशासनाला दूषणं होती, दोन अनुमानं होती, एक टोमणा होता. तो परत आला. लोकसभेच्या नियमांत प्रश्न दीडशे शब्दांत असावा लागतो आणि त्यात युक्तिवाद, अनुमान, विशेषणं, उपरोध चालत नाहीत. मी ते वाचलंच नव्हतं. दुरुस्त करून पुन्हा दिला तोवर सोडतीत नंबर लागला नाही. दिवसाला वीसच तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न निघतात, त्यांतले पाच-सहाच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. अधिवेशन संपलं. माझ्या त्या एका परिच्छेदाच्या हौसेपायी तीन महिने गेले. खासदारसाहेब काही बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. त्या मार्गिका शेवटी १८ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाल्या. तोवर प्रश्न विचारणारे बदलले, उत्तर देणारे मंत्री बदलले, मीही घरी बसलो होतो. रेल्वेचं काम असं असतं. एका माणसाच्या एका मुदतीत ते बसत नाही.

म्हणूनच दंडवत्यांची वीस वर्षं मला महत्त्वाची वाटतात. तुझ्या प्रकल्पाचा कणा म्हणून मी कोकण रेल्वे घ्यायला सांगेन.

किनाऱ्याने रेल्वे न्यावी ही मागणी दंडवत्यांच्या आधीची आहे. अ. ब. वालावलकर नावाच्या अभियंत्याने तिचा ध्यास घेतला होता, नाथ पैंनी ती संसदेत मांडली होती. दिल्लीचं उत्तर ठरलेलं असायचं: डोंगर आहेत, नद्या आहेत, पाऊस आहे, माल नाही, परवडत नाही. त्या उत्तरात तथ्यही होतं. दिव्याहून पनवेलकडे आणि आपट्याकडे रूळ गेला होता तो साठच्या दशकात. तिथेच थांबला. दंडवते आधी विरोधी बाकावरून हा विषय काढत राहिले. मग १९७७ मध्ये ते स्वतः रेल्वेमंत्री झाले. तुला वाटेल, आता झालंच. पण मंत्री झाला म्हणून पैसा येत नाही. रेल्वेच्या तिजोरीत देशभरातल्या मागण्यांची रांग असते. त्यांनी हाताला येईल तेवढा टप्पा धरला, आपटा ते रोहा. त्याला त्यांच्या काळात चालना मिळाली आणि रोह्याला गाडी पोचली १९८६ मध्ये. तेव्हा ते मंत्री नव्हते, पुन्हा विरोधी बाकावर होते.

पुढचा टप्पा १९८९ चा. विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार आलं आणि एक असा योग जुळला जो पुन्हा कधी जुळला असेल असं मला वाटत नाही. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, मूळचे मंगळूरचे. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. आणि अर्थमंत्री दंडवते, राजापूरचे खासदार. रेल्वे, नियोजन, अर्थ या तिन्ही खुर्च्यांवर त्याच किनाऱ्याची माणसं. तरीही नेहमीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून हे काम काढलं असतं तर ते आणखी दोन पिढ्या चाललं असतं. म्हणून वेगळी कंपनी काढायचं ठरलं. भांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६, आणि उरलेला पैसा रोख्यांतून बाजारातून उभा करायचा. अशा रचनेला अर्थ मंत्रालयाने आडकाठी घातली असती तर तिथेच संपलं असतं. तारखा बघ: कंपनीची नोंदणी १९ जुलै १९९०, रोह्याला पायाभरणी १५ सप्टेंबर १९९०, आणि सरकार पडलं नोव्हेंबर १९९० मध्ये. अकरा महिन्यांचं सरकार. ज्याला हा विषय एकोणीस वर्षं पाठ होता तोच माणूस एवढ्या थोड्या वेळात तो पार पाडू शकला, असं माझं ठाम मत आहे. नवा मंत्री आधी फाईल समजून घेतो, यांना ती समजून घ्यायची नव्हती.

त्या कंपनीचं मुख्य कार्यालय तुझ्या घराजवळच आहे, सीबीडी बेलापूरला. कधी त्या इमारतीसमोर उभी राहा. ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल, नव्वदहून जास्त बोगदे, साडेतीन हजार कोटींच्या घरातला खर्च, आणि २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला. भावातला फरक बाजूला ठेवून हिशेब केलास तर आजचा वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी लावून ही रेल्वे बांधायला सातशे वर्षं लागतील. तू पाटी शोधत होतीस म्हणून हा हिशेब दिला.

रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या दुसऱ्या गोष्टीवर तर आपण सगळेच झोपलो आहोत. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला, म्हणजे डब्यावरचा आकडा बदलला. आतली लाकडी फळी तशीच. रात्रभर त्या फळीवर पडून गेलेल्या माणसाची पाठ सकाळी काय म्हणते हे तुझ्या आजोबांना विचार. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात दोन इंच जाडीची फोमची गादी बसवायला घेतली. पहिल्या वर्गाचं काही काढून घ्यायचं नव्हतं, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं होतं, एवढी साधी भूमिका. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली ती सगळी एकाच वर्गाची गाडी म्हणून. ती ठाण्यावरूनच जाते. आज गादी नसलेलं शयनयान कुणाला आठवतही नाही. ज्या सुधारणेची आठवण राहत नाही ती पुरती मुरलेली असते, म्हणून तिच्यासाठी पुरावा शोधताना तुला त्रास होईल. जुनी रेल्वे अर्थसंकल्पाची भाषणं वाच, १९७८ आणि १९७९ ची.

आणि संपवाले कामगार. मे १९७४ चा रेल्वेचा संप सरकारने मोडून काढला होता, हजारो माणसं कामावरून काढली होती. दंडवत्यांनी मंत्री झाल्यावर त्यांना परत घेतलं. कळवा, ठाणे, कल्याण इथल्या रेल्वे वसाहतींत ज्या घरांमध्ये चूल पुन्हा पेटली त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी मी बोललो आहे. हे काम कुठल्याच पाटीवर येत नाही.

आणीबाणीबद्दल तू वेगळं वाचशीलच, मी एवढंच जोडतो. २६ जून १९७५ ला दंडवते बंगळूरला होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र हेही होते. हे सगळे तिथे जमले होते पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकावरच्या संयुक्त समितीच्या कामासाठी. सकाळी अटक झाली. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. दोघांचा संसार पत्रांवर चालला. प्रमिलाताई पुढे १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर गेल्या, आणि हुंड्याविरुद्धच्या कायद्यासाठी त्यांनी केलेलं काम हा तुझ्या एखाद्या मैत्रिणीचा प्रकल्प होऊ शकतो. त्या संयुक्त समितीचं विधेयक लोकसभा बरखास्त झाल्यावर बुडालं. पक्षांतरबंदी कायदा झाला तो १९८५ मध्ये, राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातून. ज्या कामासाठी गेले असता पकडले गेले ते काम कायद्यात उतरलं, तेव्हा दंडवते सभागृहात हजर होते. दहा वर्षांचं हे अंतर एका माणसाने सभागृहात बसून पार करणं ही साधी गोष्ट नाही.

कारण मधली निवडणूक १९८४ ची होती. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या पाचांमध्ये एक राजापूर, आणि एक कुलाबा, म्हणजे आताचं रायगड, जिथून दि. बा. पाटील निवडून आले. त्याच वर्षी जानेवारीत जासईच्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले होते. तू घणसोलीत राहतेस, साडेबारा टक्के हा शब्द तुझ्या कानावरून गेलेला असणार, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्याला मिळणारा विकसित भूखंड, तो त्या लढ्यातला. दंडवते आणि दि. बा. यांचे पक्ष वेगळे, विषय वेगळे, पण देशभर लाट असताना लोकांनी त्यांना राखलं. लाटेतही माणूस का टिकतो यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे, आणि मला सापडलेलं उत्तर एवढंच आहे की लोकांना त्याचा विषय माहीत असतो. दि. बा. म्हणजे जमीन. दंडवते म्हणजे रेल्वे. विचारावं लागत नसे.

दोष लिहायचे टाळू नकोस. अर्थमंत्री म्हणून त्यांना एकच अर्थसंकल्प मांडता आला, मार्च १९९० चा. दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ करण्याच्या योजनेने गरीब शेतकऱ्याला दिलासा मिळाला, पण वसुलीची शिस्त मोडली आणि त्याची झळ सहकारी बँकांना पुढे बराच काळ लागली, असं बँकेतले लोक सांगतात आणि मला ते पटतं. परकीय चलनाचं संकट दारात येऊन ठेपलं होतं. १९९१ मध्ये ते कोसळलं, त्यापूर्वी कठोर पावलं उचलायला हवी होती हा आक्षेप त्या सरकारवर आहे आणि अर्थमंत्र्यावर तो येणारच. दुसऱ्या पारड्यात सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांनी रद्द करवला, ज्या कायद्याने १९६८ पासून सोनारांचं जगणं अवघड केलं होतं. माझं मत विचारशील तर रेल्वेमंत्री दंडवते हे अर्थमंत्री दंडवत्यांपेक्षा कितीतरी मोठे. आणि या दोघांपेक्षाही मोठे विरोधी बाकावरचे.

आता तपासायचं कसं. लोकसभेचं कामकाज आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात खुलं आहे, तुझ्या मोबाइलवर उघडतं. पाचवी ते नववी लोकसभा हा तुझा टापू. सदस्याच्या नावाने शोध, आडनाव आधी टाक. सहाव्या लोकसभेत ते प्रश्न विचारताना सापडणार नाहीत, उत्तर देताना सापडतील, तिथे गोंधळू नकोस. भाषणांची संख्या मोजत बसू नकोस. किती प्रश्न विचारले याचे तक्ते हल्ली सगळीकडे फिरतात. मी स्वतः एका दुपारी दहा प्रश्न तयार करून दिलेले आहेत, त्यामुळे त्या आकड्याची किंमत मला माहीत आहे. एक शंभर पानी वही घे. एका विषयाला काही पानं. कोकण रेल्वे, रेल्वे कामगार, आणीबाणीतले कैदी, असे चार-पाच विषय पुरेत. प्रत्येक नोंदीत तारीख, कुठल्या साधनाने विषय काढला, आणि मंत्र्याने काय उत्तर दिलं, एवढं लिही. उत्तराचे शब्द जसेच्या तसे उतरव. "विचाराधीन आहे", "तपासून पाहू", "माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" ही वाक्यं दिसली की खाली रेघ ओढ. ती आश्वासनं मानली जातात आणि त्यांचा पाठपुरावा करायला लोकसभेची आश्वासन समिती आहे. मग पुढच्या अधिवेशनात जाऊन बघ, त्याच माणसाने तोच धागा पुन्हा उचलला का. उचलला असेल तर काम झालं आहे. एकदा विचारून सोडून दिलं असेल तर ते वर्तमानपत्रातल्या बातमीपुरतं होतं. माझ्या नोकरीत मी खासदाराची पारख याच खुणेवरून करत आलो.

खासदाराने आपण होऊन हिशेब देणं हेही आपल्याकडे घडलेलं आहे. १९७७ मध्ये ठाण्यातून निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवायचे. दंडवते समाजवादी, म्हाळगी जनसंघाचे, आणि या बाबतीत मी दोघांनाही मानतो. ठाण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत विचार, असे अहवाल मिळाले तर एक खासदार स्वतःचं काम कसं सांगतो आणि सभागृहाची नोंद ते कसं सांगते, हे शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.

एक शेवटचा भाग राहिला, तो तुला कुठल्याच ग्रंथालयात मिळणार नाही. १९९१ मध्ये, रोह्याला पायाभरणी होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, राजापूरने दंडवत्यांना पाडलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. नंतर १९९६ ते ९८ दंडवते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, पण लोकसभेत परत गेले नाहीत. १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. म्हणजे समाधी नाही, की तिथली पाटी नाही.

तुझे आजोबा १९९१ मध्ये कुडाळला मतदार होते. एक दुपार त्यांच्याजवळ बस आणि त्यांना विचार, त्या वर्षी मत कुणाला दिलंत, आणि का. पक्षाला दिलं, जातीला दिलं, की मतदानालाच गेला नाहीत. घाई करू नकोस, मध्ये बोलू नकोस. ते काय सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, मालवणीत सांगितलं तर मालवणीतच, उतरवून घे आणि वहीत कोकण रेल्वेच्या पानांनंतर लाव.